नवा संगणक घेताना : विंडोजची आवृत्ती आणि अँटिव्हायरस

मंडळाच्या कार्यालयातले दोन संगणक आणि वाचनालयातला एक, असे तीन बदलायचे ठरले आणि चौकशीचे काम आमच्याकडे आले. तेव्हापासून सभासदांचे फोन सुरू आहेत. गंमत म्हणजे त्यातले निम्म्याहून अधिक मंडळाच्या नव्हे, घरच्या संगणकाविषयी असतात. "मुलगा बंगळुरूहून लॅपटॉप पाठवतोय, काय सांगू?" "दुकानदार प्रो घ्या म्हणतो, घेऊ का?" "वर्षाला दीड हजाराचा अँटिव्हायरस भरतो, तो लागतो का खरंच?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावे म्हणून हा लेख. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. बँकेत शाखेचे संगणकीकरण झाले तेव्हापासून या यंत्रांशी संबंध आला, इतकेच. पण तपासून पाहिल्याशिवाय सही करायची नाही ही सवय मात्र अजून सुटलेली नाही.

आधी आवृत्ती, मग अँटिव्हायरस

बहुतेक जण अँटिव्हायरसपासून सुरुवात करतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. विंडोज स्वतः जुने झाले असेल तर त्यावर बसवलेला महागडा अँटिव्हायरस म्हणजे मोडक्या दाराला लावलेले चांगले कुलूप.

विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला मुदत असते, मुदत ठेवीसारखी. विंडोज एक्सपीची ८ एप्रिल २०१४ ला संपली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. मुदत संपली म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो चालूच राहतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. बंद पडला असता तर आपण बदलला असता. मुदतीनंतर नवी भोके सापडतात, पण ती बुजवणारे अपडेट येत नाहीत.

हे भोक प्रकरण किती गंभीर असते त्याचे उदाहरण मे २०१७ चे. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने जगभरचे संगणक कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कटले. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिले होते. म्हणजे दोन महिने मिळाले होते. ज्यांनी अपडेट लावले नव्हते किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला ते मिळतच नव्हते, ते सापडले.

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय ठेवली आहे. ती आपोआप मिळत नाही, सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावे लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून संगणकाच्या सेटिंग्ज त्या खात्याशी जोडल्या तर पैसे पडत नाहीत. ही सोय म्हणजे जुन्या यंत्राला दिलेली सवलतीची मुदत. नवा संगणक घेणाऱ्याने मात्र विंडोज ११ शिवाय दुसरे घेऊ नये. कोणी स्वस्तात विंडोज १० चा 'न वापरलेला' लॅपटॉप देत असेल तर नमस्कार करून बाहेर पडावे.

जुन्यावर ११ चढते का?

ज्यांना नवा घ्यायचाच नाही त्यांचा हा पहिला प्रश्न. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी जागा पुरते असे कागदावर आहे (४ जीबीवर ते रांगते, ८ पेक्षा कमी घेऊ नका, जमल्यास १६). खरी अडचण दोन अटींची आहे : टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, आणि प्रोसेसरची पिढी. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतो. पिढी ओळखायची सोपी खूण अशी : आय५ किंवा आय३ च्या पुढे जो आकडा असतो तो पाहा. ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, ११३५ असेल तर अकरावी. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' नावाचा छोटा मोफत प्रोग्राम चालवला की हो किंवा नाही असे सरळ उत्तर मिळते.

सिल्व्हर मॉलमध्ये फिरताना आम्हाला नूतनीकरण केलेले बरेच लॅपटॉप दिसले. ते वाईट असतात असे नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेली यंत्रे बहुधा दणकट असतात. पण काही ठिकाणी सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ बसवलेले असते. पडद्यावर सगळे ११ सारखेच दिसते. मायक्रोसॉफ्टने मात्र स्पष्ट सांगितले आहे की अशा यंत्रांना पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नाही. म्हणून नूतनीकरण केलेल्या यंत्रात विंडोजचा आकडा पाहू नका, प्रोसेसरचा पाहा.

नव्या यंत्रावरही सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असे जाऊन आवृत्ती पाहून घ्यावी. घरगुती विंडोज ११ ची प्रत्येक वार्षिक आवृत्ती २४ महिने चालते. २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७ ला. दुकानात वर्षभर पडून असलेल्या यंत्रात जुनी आवृत्ती असू शकते. ती फुकट अपडेट होते, काळजी नको. पण घरी नेल्यावर पहिले काम तेच करावे.

होम, सिंगल लँग्वेज, प्रो

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. नाव वाचून एका सभासद भगिनींनी विचारले, "म्हणजे यात मराठी लिहिता येणार नाही?" येते. बंधन फक्त पडद्यावरच्या मेनूंच्या भाषेला आहे : ती एकच, आणि सहसा इंग्रजी. टाइप करायला हव्या तितक्या भाषा घालता येतात. टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, तिच्या कीबोर्डांत 'मराठी फोनेटिक' निवडायचा, आणि विंडोजचे बटण व स्पेस बार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलत राहायचे. ज्यांनी इन्स्क्रिप्ट शिकले आहे त्यांच्यासाठी तोही आहेच. वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

प्रोमध्ये जास्तीचे काय? दुसऱ्या ठिकाणाहून आपल्या संगणकावर शिरण्याची सोय, बिटलॉकरचे पूर्ण नियंत्रण, कार्यालयातल्या अनेक संगणकांवर एकत्र नियम लावण्याची सोय. घरी यातले काहीच लागत नाही. शिवाय होमचे प्रो पुढे केव्हाही पैसे भरून करता येते, विंडोज पुन्हा टाकावे लागत नाही. तेव्हा आज होम घ्या. गरज पडली तर बघू.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवे. स्वस्त लॅपटॉपवर कधी कधी 'एस मोड' असतो. त्यात मायक्रोसॉफ्टच्या दुकानातलेच प्रोग्राम चालतात. टॅली टाकायला गेलात तर नकार मिळतो. एस मोडमधून फुकट बाहेर पडता येते, पण परत जाता येत नाही. परत जायची कोणाला हौसही नसते. दुसरी गोष्ट, स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप. बॅटरी फार छान चालते, हलके असतात. नेहमीचे प्रोग्रामही चालतात. परंतु प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन यांना त्या प्रोसेसरसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो प्रत्येक कंपनीने काढलेला नसतो. जे विश्वस्त किंवा व्यावसायिक टोकन लावून सही करतात त्यांनी घेण्यापूर्वी टोकनच्या कंपनीकडे खात्री करावी, नाहीतर साधा इंटेल किंवा एएमडी घ्यावा.

जुनी कागदपत्रे : इथे थांबा

हा भाग आपल्यासारख्या मंडळांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि दुकानदार तो कधीच सांगणार नाही.

आपल्या कार्यालयातल्या जुन्या संगणकावर स्मरणिकांचा मजकूर श्रीलिपीत आहे. नगर निगमला दिलेले हिंदी अर्ज कृतिदेवमध्ये आहेत. बऱ्याच सभासदांच्या घरी वडिलांनी टाइप केलेली वंशावळ, आईच्या कविता, आत्मचरित्राची दोन-चार प्रकरणे अशाच फॉन्टांत असतील. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्यांत संगणक आत रोमन अक्षरेच साठवतो, फॉन्ट त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो आणि उरतात निरर्थक रोमन अक्षरे. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. मग कोणीतरी 'खराब झाली' म्हणून ती पुसून टाकतो.

त्यात भर अशी की विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. डॉसच्या काळातले आणि १६ बिटचे जुने प्रोग्राम त्यावर थेट चालत नाहीत. डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये केलेली सभासदांची यादी किंवा वर्गणीचा हिशेब तुमच्या संस्थेत अजून जिवंत असेल तर तो जुन्या यंत्रातून आधी बाहेर काढा.

म्हणून आमची विनंती : नवा संगणक घरी आला त्याच दिवशी जुना रद्दीत देऊ नका. जुन्या यंत्रावर, जिथे अक्षरे नीट दिसतात तिथेच, प्रत्येक महत्त्वाची फाइल उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बांधला जातो, त्यामुळे ती पुढेही कुठेही वाचता येते. पुढे मजकूर सुधारायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. पण रूपांतर झाल्यावर माणसाने वाचावेच लागते. रफार भलत्या अक्षरावर जातो, 'ऱ्य' आणि 'र्य' यांची गल्लत होते, जोडाक्षरे तुटतात. वाचनालय समितीतल्या तीन भगिनींनी जुन्या स्मरणिकांचे हे काम हाती घेतले आहे. दर शनिवारी संध्याकाळी त्या बसतात. मदतीला हात हवे आहेत. शुद्धलेखनाचा राग असलेल्यांना खास निमंत्रण.

अस्सल की नक्कल

विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपचा परवाना यंत्रातच कोरलेला असतो, त्याची वेगळी किल्ली जपावी लागत नाही. जुळवून घेतलेल्या डेस्कटॉपचे तसे नाही. तिथे कोटेशनमध्ये विंडोजची किंमत वेगळी लिहिलेली आहे का ते पाहा. लिहिलेली नसेल आणि तरी 'विंडोज टाकून देतो' असे म्हटले जात असेल, तर बहुधा ॲक्टिव्हेटर नावाचा चोरटा प्रोग्राम चालवलेला असतो. तो चालावा म्हणून आधी विंडोजचे संरक्षण बंद करावे लागते. ज्या यंत्राची सुरुवातच पहारेकऱ्याला झोपवून झाली त्यावर नेट बँकिंग करायचे? आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांच्या संगणकात असेच झाले होते. अँटिव्हायरसचे पैसे ते दरवर्षी भरत होते आणि तो मात्र पहिल्या दिवसापासून त्या प्रोग्रामकडे काणाडोळा करायला शिकवलेला होता. दुकानदाराचे म्हणणे, "सगळेच असं करतात."

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन येथे परवान्याची स्थिती दिसते. मात्र तिथे 'ॲक्टिव्ह' दिसले म्हणजे पुरावा झाला असे नाही. ॲक्टिव्हेटरनेही ते दिसू शकते. पुरावा म्हणजे बिल. आणि परवान्यावर खर्च करायचाच नसेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट घ्यावे. दोन्ही मोफत, दोन्ही कायदेशीर. उबंटूच्या २४.०४ आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. इंटरनेट, ईमेल, लिब्रे ऑफिसमध्ये पत्रे आणि हिशेब, एवढेच करणाऱ्याला ते पुरते. टॅली आणि टोकनवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

मॅकबद्दल विचारणारे थोडे आहेत. नव्या ॲपल चिपचा घ्या, जुना इंटेलचा स्वस्तात मिळाला तरी नको. ॲपलने टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले आहे.

रिकव्हरी की : लॉकरमध्ये ठेवण्याची वस्तू

विंडोज ११ च्या नव्या यंत्रात मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की बहुधा डिस्कवरची सगळी माहिती आपोआप कुलूपबंद होते. चोराने लॅपटॉप नेला तर त्याला आतले काही वाचता येत नाही. उत्तम सोय. पण या कुलपाची एक ४८ आकडी रिकव्हरी की असते, आणि ती आपल्याला कोणी हातात देत नाही. ती गुपचूप मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. एरवी ती लागत नाही. मदरबोर्ड बदलला, बायॉस अपडेट झाले, क्वचित असेच काही झाले, की निळ्या पडद्यावर तिची मागणी येते.

आता विचार करा : खाते मुलाच्या ईमेलवर उघडलेले आहे, किंवा दुकानदाराने 'सेटअप करून देतो' म्हणत स्वतःच काहीतरी खाते काढले आहे, किंवा ज्यांचे खाते ते गृहस्थ आता हयात नाहीत. बँकेत नॉमिनी असतो, वारसाचा दाखला चालतो, उशिरा का होईना रक्कम मिळते. इथे तसे काही नाही. हरवलेली की मायक्रोसॉफ्टलाही नव्याने करून देता येत नाही. फोटो, इच्छापत्राचा मसुदा, हिशेब, सगळे समोर असून हाती लागत नाही.

म्हणून यंत्र घरी आले की आठवड्याच्या आत, आपल्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन (पत्ता : एकेए डॉट एमएस, तिरकी रेघ, मायरिकव्हरीकी) ती की कागदावर छापा. कोणत्या यंत्राची ते वर लिहा. एक प्रत ठेवींच्या पावत्यांबरोबर ठेवा, आणि ती तिथे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगा. फोनमध्ये फोटो काढून ठेवणे पुरेसे नाही, फोनही जातात. सेटअप दुकानात करून घेऊच नये, यंत्र पेटीबंद आणावे.

अँटिव्हायरस विकत घ्यावा का?

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो, मोफत आणि चालू. एके काळी तो कच्चा होता, हे खरे. आता जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट संस्थेच्या चाचण्यांत तो नावाजलेल्या विकतच्या प्रोग्रामांच्या बरोबरीने गुण घेतो. आमचे मत : घरी एक-दोन संगणक, परवाना अस्सल, अपडेट चालू, फुकटचे सिनेमे-सॉफ्टवेअर उतरवायची सवय नाही, अशा घराला डिफेंडर पुरतो.

विकतचा कोणी घ्यावा? ज्यांना अडल्यावर फोनवर बोलायला माणूस हवा, ज्यांच्या घरी मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचे आहे, किंवा ज्यांना फोन आणि संगणक एकाच ठिकाणाहून सांभाळायचे आहेत त्यांनी. पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील आपल्या ओळखीचे आहेच, चेन्नईचे के७ आहे, परदेशी तर अनेक आहेत. काहीही घ्या, पण एकच. दोन अँटिव्हायरस एका यंत्रात ठेवले की एकमेकांनाच संशयित समजतात आणि संगणक गोगलगाय होतो. दुसरा बसवला की डिफेंडर स्वतः बाजूला होतो, त्याला बंद करावे लागत नाही.

नव्या लॅपटॉपवर बहुधा एखाद्या कंपनीचा ३० दिवसांचा किंवा वर्षाचा नमुना आधीच बसवलेला असतो. मुदत संपली की तो रोज घाबरवतो. नको असेल तर काढून टाका आणि विंडोज सिक्युरिटीच्या पानावर डिफेंडर परत चालू झाला ना ते नक्की पाहा. काढलाही नाही आणि भरलाही नाही, ही अवस्था सर्वांत वाईट.

ऑनलाइन पैसे भरून घेतलात तर दरवर्षी आपोआप कापण्याची संमती नकळत दिली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी आणि त्या सूचनेतून नकार देता यायला हवा. ते एसएमएस वाचत जा.

आणि एक : "तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत, या नंबरवर फोन करा" असे पडद्यावर आले तर तो अँटिव्हायरस नसतो. ते ब्राउझरमधले पान असते. फोन केलात की गोड आवाजातला माणूस दुरून संगणक चालवण्याचे ॲप टाकायला सांगतो, आणि पुढे खाते रिकामे. पान बंद होत नसेल तर संगणक सरळ बंद करा. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर तपासणीची मोफत साधने आहेत, ती वापरा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन, मग बँकेला. बँकेच्या पानाचा पत्ताही पाहा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हाच पत्ता घ्यायला लावला आहे.

रोजच्या वापरासाठी संगणकात दोन खाती करावीत : एक व्यवस्थापकाचे, एक साधे. काम साध्यात करायचे. काहीही नवे बसवताना संगणक व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात माणूस "हे मी मागितलं होतं का?" असा विचार करतो.

मंडळाचे काय ठरले

कार्यकारिणीला आम्ही अशी शिफारस केली आहे. कार्यालयातल्या हिशेबाच्या यंत्रावर विंडोज ११ प्रो, बाकी दोन्हींवर होम. तिन्हींत डिफेंडर. अँटिव्हायरसच्या नूतनीकरणाचे पैसे वाचवून त्यातून दोन बाह्य हार्ड डिस्क : एका आठवड्यात एकीवर प्रत, पुढच्या आठवड्यात दुसरीवर, आणि प्रत झाली की केबल काढून कपाटात. जोडलेली राहिली तर खंडणीखोर प्रोग्राम तिलाही कुलूप लावतो. रिकव्हरी कीच्या छापील प्रती पाकिटात बंद करून एक अध्यक्षांकडे, एक कोषाध्यक्षांकडे. मायक्रोसॉफ्ट खाते कोणा व्यक्तीच्या नव्हे, मंडळाच्या ईमेलवर. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलायचा.

जुनी तिन्ही यंत्रे स्मरणिकांचे काम पूर्ण होईपर्यंत इंटरनेटशिवाय वाचनालयाच्या मागच्या खोलीत राहतील. त्यानंतर त्यांच्या हार्ड डिस्क काढून घेऊनच ती ई-कचरा घेणाऱ्याकडे जातील. सभासदांचे पत्ते, पॅन आणि देणग्यांच्या पावत्या त्या डिस्कवर आहेत.